फुगवणं जमलं, रिकामा करणं शिकावं लागलं

पचनमार्गातला अरुंद झालेला भाग रुंद करणारा बलून कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली लांब बारीक नळी, बनवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्या डोक्यात एकच ध्यास होता: तो फुटता कामा नये. पहिल्याच बैठकीत एंडोस्कोपी करणाऱ्या, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी (स्कोप) पोटात घालून तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आमचा नमुना हातात घेतला, फुगवला, नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "फुगला, छान. आता हाच स्कोपमधून परत बाहेर काढून दाखवा." मी ओढला. निम्मा आत गेला आणि अडकला. जोर लावला तर त्या लगेच म्हणाल्या, "थांबा. आत पेशंट आहे असं समजा."

तिथून माझं खरं काम सुरू झालं.

हा बलून कुठे लागतो हे आधी सांगते. आम्लाने वारंवार भाजून अन्ननलिकेत व्रण पडतात, ऑपरेशननंतर आतड्याचा जोड आवळत जातो, क्रोन्सच्या आजारात (आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या) आतड्याची भिंत जाड होऊन वाट बारीक होते. अन्ननलिकेची वाट साधारण 13 मिमीपेक्षा कमी झाली, की घन अन्न अडकायला लागतं. पेशंट आधी पोळी सोडतो, मग भात, मग फक्त पेज उरते. अशी वाट रुंद करायची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने व्हेलच्या हाडाच्या टोकाला स्पंज लावून अन्ननलिकेतला अडथळा ढकलून मोकळा केला होता. घन सळई पुढे सरकताना भिंतीला लांबीच्या दिशेनेही खरवडते. बलून जागच्या जागी राहून फक्त बाहेरच्या दिशेने दाबतो, आणि डॉक्टरांना ते स्कोपमधून डोळ्यांनी दिसतं. म्हणून तो पारदर्शक हवा. त्यातून पलीकडची भिंत पांढरी पडताना किंवा चिरताना दिसली, तर वेळीच थांबता येतं.

थांबणं हाच या उपचाराचा गाभा आहे. अन्ननलिकेत डॉक्टर शक्यतो "तीनचा नियम" पाळतात: एकदा प्रतिकार जाणवायला लागला की त्या बैठकीत एकेक मिलिमीटरच्या तीनच पायऱ्या चढायच्या. जास्त हाव केली तर भिंतीला भोक पडू शकतं, आणि ते जिवावर बेततं. त्यामुळे बलूनकडून माझी पहिली अपेक्षा ताकदीची नव्हती, शब्द पाळण्याची होती. अमुक दाबाला अमुक व्यास, एवढंच. 15 मिमी म्हटलं की 15 मिमीच. दाब वाढवला की मनाला येईल तसा फुगत जाणारा रबरी फुगा इथे घातक ठरतो, कारण तो आवळलेल्या जागी अडतो आणि दोन्ही बाजूंच्या निरोगी भागात फुगतो. म्हणून नायलॉन किंवा तशाच पदार्थाची ट्यूब साच्यात ठेवून गरम करतात, लांबीत ओढतात आणि आतून दाब देऊन फुगवतात. दोन्ही दिशांना ताणलं गेल्यामुळे पातळ भिंतही भलतीच मजबूत होते.

किती पातळ? आमचा 18 मिमीचा बलून, भिंत 50 मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग), आणि आत 7 ॲटमॉस्फिअर दाब. दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी केलं, की घेराच्या दिशेचा ताण सुमारे 128 मेगापास्कल येतो. लांबीच्या दिशेचा ताण त्याच्या निम्मा. या निम्मेपणातच सुरक्षितता दडलेली आहे: चांगला बलून फुटलाच तर उभा, लांबीत चिरतो आणि चिरलेला तसाच ओढून काढता येतो. आडवा फाटला तर पुढचा अर्धा भाग ओढताना उलट्या छत्रीसारखा उघडतो. त्याचे तुकडे आत राहण्याचाही धोका असतो.

आमचे बलून आडवे फाटले. सगळे नाहीत, 30 पैकी 2. पण दोन म्हणजे पुष्कळ झाले. 37 अंशांच्या पाण्यात बुडवून आम्ही दाब पायरीपायरीने वाढवत होतो. कोमट पाण्यात तपासायचं कारण उघड आहे: शरीरात बलून ओला आणि उबदार असतो, आणि नायलॉन तशा वेळी थोडा मऊ पडतो. दोन्ही बलून मानेपाशी, जिथे तो कॅथेटरच्या नळीला चिकटवलेला असतो, त्याच्या अगदी कडेला कापल्यासारखे गेले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा जोडाच्या कडेला केसाएवढी दुधी रेघ दिसली, पूर्ण गोल फिरलेली. चिकटवण्याची उष्णता शेजारच्या भिंतीत शिरली होती आणि ताणून कमावलेली मजबुती तेवढ्या कड्यापुरती गेली होती. आम्ही लेझरचा पट्टा अरुंद केला आणि शेजारच्या भागाला थंड धातूची पकड लावली. नंतरच्या तीन लॉटमध्ये जे फुटले ते सगळे उभे फुटले. त्या दिवशी फुटलेले बलून मी टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती उभी चीर दाखवत होते.

एवढं होऊनही मॅडमचा प्रश्न तसाच होता.

मग कागदावर जागेचा हिशेब मांडला. नेहमीच्या गॅस्ट्रोस्कोपचं (जठरापर्यंतच्या स्कोपचं) चॅनेल, म्हणजे बलून ज्यातून आतबाहेर जातो ती पोकळ वाट, 2.8 मिमीचं, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 6.2 चौरस मिमी. 18 मिमी बलूनचा घेर 56.5 मिमी, गुणिले 50 मायक्रॉन: 2.8 चौरस मिमी नुसत्या भिंतीचेच. मधली नळी 2 मिमीची धरली तर तिचे आणखी 3.1. शिल्लक काहीच नाही. त्यातही बलूनच्या दोन्ही टोकांचा निमुळता भाग साच्यात कमी ताणला जातो, म्हणून जाड राहतो. परत येताना पहिल्यांदा चॅनेलच्या तोंडाशी येतो तो हाच भाग. मधली नळी बारीक करणं हा सरळ उपाय होता. पण ती बारीक केली की पाणी जायची वाटही बारीक होते.

आणि इथे मला जे कळलं, ते आधीच कळायला हवं होतं. फुगवताना पाण्यामागे 7 ॲटमॉस्फिअरचा जोर असतो. रिकामा करताना सिरिंजने कितीही ओढा, निर्वाताचा जोर एका ॲटमॉस्फिअरच्या वर जाऊ शकत नाही. तेच 14 मिलिलीटर पाणी 180 सेंटिमीटर लांब बारीक वाटेतून त्या तुटपुंज्या जोरावर बाहेर काढायचं. एक्स-रेत दिसावं म्हणून पाण्यात कॉन्ट्रास्ट मिसळला असेल तर ते आणखी दाट. हवा भरली तर लवकर निघेल, असं आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं. पण दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते, आणि तसा बलून फुटला तर तो स्फोट असतो. पाण्याचं तसं होत नाही. हवा बाद.

गोल वाटेतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे त्रिज्या 20 टक्के वाढवली की प्रवाह दुप्पट. म्हणून आम्ही नळीचा बाहेरचा व्यास कमी केला आणि भिंत पातळ करून आतली वाट जमेल तेवढी राखली. नळी पिळवटू नये म्हणून कडक पदार्थ घेतला. तरी शेवटचे 2 मिलिलीटर काही केल्या निघेनात. पारदर्शक पाइपमध्ये ठेवून बघत बसले तेव्हा कारण दिसलं: बलूनची सैल भिंत पाण्याच्या भोकावरच चिकटत होती आणि स्वतःचीच वाट बंद करत होती. एका भोकाऐवजी नळीवर थोड्या थोड्या अंतरावर, वेगवेगळ्या दिशांना तीन भोकं दिली. एक झाकलं तरी दुसरं उघडं राहतं. पाणी आटलं आणि बलूनच्या तीन पाकळ्या आपापल्या घडीत परत बसल्या. घडी घालताना दिलेल्या सौम्य उष्णतेने त्या घड्यांना वळण लागलेलं होतं.

निर्जंतुकीकरणाने एक फटका दिलाच. जंतू मारणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूच्या चक्रातल्या उबेने ताणलेला बलून किंचित आकसतो, आणि मग आधी मोजलेला दाब-व्यासाचा तक्ता खोटा ठरतो. साचा थोडा मोठा करून सगळी मोजमापं निर्जंतुक केलेल्या नमुन्यांवर पुन्हा घेतली. सहा आठवडे गेले, पण लेबलवरचा आकडा खरा असलाच पाहिजे.

शेवटच्या चाचणीला मॅडमनी स्कोपचं टोक मुद्दाम वाकवलं, मॉडेलमधल्या अरुंद जागी बलून फुगवला, एक मिनिट धरला, निर्वात दिला आणि हळूच ओढला. आला. पण त्यांनी लगेच विचारलं, "हा पूर्ण रिकामा झालाय हे मला घाईत कसं कळणार? आणि नाहीच आला तर?"

म्हणून वापराच्या सूचनांमध्ये ठळक अक्षरांत हे छापलं: बलून स्कोपमधून बघा. पाकळ्या चपट्या दिसेपर्यंत निर्वात सोडू नका. स्कोपचं टोक सरळ करा, मगच ओढा. तरीही अडला तर जोर लावू नका, स्कोप आणि कॅथेटर दोन्ही एकत्र बाहेर काढा.