नाकामागचा देवमासा

लहान मुलाला देवमासा काढायला सांगा. कागदावर बहुतेक वेळा चौकोनी डोक्याचा एक प्राणी उतरतो. पुढे भलंथोरलं कपाळ, खाली चिमुकला जबडा, मागे शेपटी आणि पाठीच्या मधोमध उडणारं कारंजं. मुलाला ठाऊक नसतं, पण त्याने स्पर्म व्हेल काढलेला असतो. निळा देवमासा याच्याहून कितीतरी मोठा, पण इतका निमुळता की चित्रात काढला तर नुसता लांबलचक मासा वाटावा. चेहरा लक्षात राहतो तो याचाच.

चित्रात दोन दुरुस्त्या मात्र हव्यात. कारंजं पाठीवर नसतं. ते असतं डोक्याच्या पार पुढच्या टोकाला, तेही डाव्या बाजूला, आणि सरळ वर न जाता पुढे डावीकडे तिरकं उडतं. दुरून नुसता तो वाकडा फवारा बघून खलाशी प्राणी ओळखायचे. दुसरी दुरुस्ती जरा मोठी आहे. आपण ज्याला कपाळ समजतो ते कपाळ नाहीच. ते नाक आहे.

पूर्ण वाढलेला नर साधारण 16 मीटर लांब. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग डोक्याचा, आणि डोक्यातली बहुतेक जागा नाकाने बळकावलेली. मेंदू सुमारे 8 किलोचा, म्हणजे साऱ्या प्राणिसृष्टीत सर्वांत जड, पण तोही बिचारा मागे कोपऱ्यात पोटभाडेकरूसारखा राहतो. आता एवढं नाक म्हटल्यावर वास किती येत असेल, असं आपल्याला वाटणारच. तर अजिबात येत नाही! दात असलेल्या देवमाशांच्या मेंदूत वास ओळखणारा भागच शिल्लक उरलेला नाही. नाकपुड्या दोन आहेत, पण त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. डावी श्वास घेते. उजवीने ते काम जवळजवळ सोडलंय. ती आवाज काढते.

हा आवाज कसा निघतो ते सावकाश बघण्यासारखं आहे. उजवी नाकपुडी पुढे शेंड्याशी जिथे पोचते, तिथे जाड, काळपट असे दोन ओठ असतात. शास्त्रज्ञ त्यांना सरळ 'माकडाचे ओठ' म्हणतात. त्यांच्यामधून हवा रेटली की ते एकमेकांवर आपटतात. टक्! आता हा आवाज पुढे समुद्रात जायला हवा, पण त्याचा मोठा भाग आधी उलटा, मागे जातो. वाटेत तेलकट मेणाने भरलेला एक लांब अवयव आहे. मोठ्या नरात त्यात दीड-दोन हजार लिटर ऐवज मावतो. त्यातून आवाज कवटीपर्यंत पोचतो. कवटी तिथे खोलगट असते आणि तिला टेकून हवेची एक पिशवी असते. तिच्यावर आदळून आवाज परत फिरतो आणि खालच्या बाजूच्या मेदाच्या थरांमधून, भिंगातून प्रकाश यावा तसा एकवटून, पुढे झोतासारखा बाहेर पडतो. या भिंगाला शिकारी 'जंक' म्हणत, कारण त्यातलं तेल त्यांच्या लेखी दुय्यम होतं. बाहेर पडणारा झोत 236 डेसिबलपर्यंत मोजला गेला आहे. पाण्यातली डेसिबलची मोजणी हवेतल्यापेक्षा वेगळी असते, त्यामुळे विमानाच्या आवाजाशी त्याची तुलना करणाऱ्यांवर फार विसंबू नये. पण कुठल्याही प्राण्याने काढलेला याहून मोठा आवाज आजवर नोंदलेला नाही.

हे सगळं कशासाठी, तर जेवणासाठी. पृष्ठभागावर आठ-दहा मिनिटं श्वास भरून घ्यायचा, शेपटी उभी वर करायची आणि सरळ खाली. खाली 400 ते 1200 मीटरवर काळोखच काळोख. तिथे पाऊण-एक तास स्क्विड, म्हणजे माकूळ, शोधत हिंडायचं. पाण्यात मायक्रोफोन सोडून केलेली या बुडीची ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात, तेव्हा जरूर ऐका. आधी टक्, टक्, टक्, साधारण सेकंदाला एक-दोन, घड्याळ चालावं तशी संथ लय. प्रत्येक आवाजाचा प्रतिध्वनी समोर काय आहे ते सांगतो. काहीतरी सापडलं की ठोके जवळ जवळ येऊ लागतात, मग इतके जवळ की सुटा ठोका ऐकूच येत नाही, नुसती करकर उरते. आणि एकदम शांतता. मासळी लागली की निसटली, ते आपल्याला कळत नाही. थोड्या वेळाने पुन्हा टक्, टक्. खालच्या जबड्यात दातांच्या वीसेक जोड्या असतात, एकेक दात किलोभर वजनाचासुद्धा, पण जबडा मोडलेले, वाकडे झालेले देवमासेही चांगले धष्टपुष्ट सापडले आहेत. दातांवाचून चालतं, नाकावाचून नाही.

गंमत म्हणजे माणसाने या प्राण्याला कित्येक वर्षं मुका ठरवलं होतं. शिकारी जहाजांवर हिंडलेला ब्रिटिश शल्यचिकित्सक टॉमस बील याने 1839 साली लिहून ठेवलं की फवाऱ्याचा आवाज सोडला तर हा समुद्रातल्या सर्वांत निःशब्द प्राण्यांपैकी एक आहे. बीलचा दोष नाही. तो पाण्याच्या वर होता. खलाशांना मात्र जहाजाच्या तळातून हातोड्यासारखी ठकठक ऐकू यायची आणि ते म्हणायचे, खाली सुतार-मासा आहे. ही ठकठक स्पर्म व्हेलचीच, हे शास्त्रीय नियतकालिकात छापून यायला 1957 साल उजाडलं.

तोवर नाकातल्या त्या मेणाची वाट लागलेली होती. प्राणी जिवंत असताना ते पातळ असतं, थंड झालं की पांढरं घट्ट होतं. त्याच्या मेणबत्त्या इतक्या स्वच्छ जळत की 1860 च्या एका ब्रिटिश कायद्याने प्रकाश मोजण्याचं मापच त्यांच्यावर बेतलं. पुढे विजेचे दिवे आले तरी शिकार थांबली नाही. उलट यंत्रांना हे तेल भलतंच मानवलं आणि 1960 च्या दशकात काही वर्षी वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले गेले. व्यापारी शिकारीवरची जागतिक बंदी अमलात आली 1986 मध्ये. आज जगात साडेआठ लाखांच्या आसपास उरले असावेत, पूर्वी वीस लाखांच्या घरात होते, असा 2022 चा अंदाज आहे. त्यातही अंबरची तऱ्हा निराळीच. स्क्विडच्या न पचणाऱ्या चोचींभोवती काही मोजक्या देवमाशांच्या आतड्यात तो गोळा साचतो आणि उंची अत्तरांना टिकाऊपणा देतो. ज्याला वास म्हणजे काय हे माहीत नाही, त्याच्या पोटातून जगाने सुगंध काढला.

माद्या आणि पिल्लं उबदार समुद्रात, दहाएक जणींच्या कुटुंबात राहतात. पिल्लाला खोल बुडी जमत नाही, म्हणून आया आळीपाळीने खाली जातात. कुणी ना कुणी वर राहतेच. ऑर्का, म्हणजे 'किलर व्हेल', चालून आले तर डोकी आत, शेपट्या बाहेर असं कडं करून पिल्लाला मध्ये घेतात. भाल्यांपुढे हे कडं म्हणजे आयतं सावज. पण त्याही शिकल्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी जहाजांच्या नोंदवह्या तपासून 2021 मध्ये दाखवण्यात आलं की उत्तर पॅसिफिकमध्ये शिकार सुरू झाल्यावर दोन-अडीच वर्षांतच भाला लागण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घसरलं. इतक्या थोड्या काळात पिढी बदलत नाही. एकीचं बघून दुसरी शिकली असणार.

याच कुटुंबांच्या गप्पाही नाकातूनच चालतात. कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाजवळ 2005 पासून काही कुटुंबांचा सातत्याने अभ्यास होतो आहे. तिथली खूण ठरलेली: टक्... टक्... टकटकटक. दोन सावकाश, तीन भरभर. पिल्लं आधी नुसती बडबडतात, हा ठेका त्यांना हळूहळू साधतो. दुसऱ्या टोळ्यांचे ठेके निराळे. 2024 मध्ये अशा सुमारे नऊ हजार ठेक्यांची संगणकाकडून छाननी झाली, आणि लय, वेग, मध्येच जोडलेला जादा ठोका असं बरंच काही हाती लागलं. लगेच 'देवमाशांशी बोला' वगैरे मथळे सुरू झाले. आपण त्यांना काय सांगणार आहोत, हे मात्र कुणी सांगत नाही.

नरांचं घरात फार काळ पटत नाही. वयात येता येता ते बाहेर पडतात आणि थंड ध्रुवीय समुद्राकडे सरकतात. तिथे ते वाढतात, नाक तर अंगापेक्षा जास्तच वाढतं. म्हाताऱ्या नराचं नाक जबड्याच्या पुढे मीटरभर आलेलं असतं. 1820 मध्ये पॅसिफिकमध्ये अशाच एका नाकाने 'एसेक्स' नावाचं शिकारी जहाज दोन धडकांत फोडलं होतं. पण एवढं नाक केवळ मारामारीसाठी असेल असं मला वाटत नाही. पुढे-मागे हिंडणाऱ्या त्या आवाजाचा थोडा भाग प्रत्येक फेरीत निसटतो, म्हणून एका टकचे खरं तर काही बारीक टक असतात. त्यांच्यात काही सहस्रांश सेकंदांचं अंतर असतं. नाक जेवढं लांब, तेवढं हे अंतर जास्त. संशोधक नुसतं ध्वनिमुद्रण ऐकून समोरचा देवमासा किती मीटर लांब आहे ते काढतात, टेप न लावता. माद्यांनाही ते ऐकून कळत असावं, असा एक तर्क आहे. तसं असेल तर वर्षानुवर्षं बर्फाळ पाण्यात काढून उबदार समुद्रात वर म्हणून आलेल्या या नराची मोठी पंचाईत आहे. त्याने नाकातून ब्र जरी काढला तरी त्याची उंची जाहीर होते, आणि त्यात अर्धा मीटरही वाढवून सांगता येत नाही.