यात अध्यात्म कुठे आले?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. नाहीतर या विषयावर पुन्हा तोंड उघडायचे नाही, असे मी दोनदा ठरवले होते. प्रश्न दरवेळी तोच असतो आणि तो बहुधा गुरुवारचे भजन आटोपून मी पेटीचा भाता बंद करत असताना येतो: "देवाधर्माचे इतके करता आणि तिकडे चारचौघांत कपडे उतरवून बसता, यात अध्यात्म कुठे आले?" विचारणाऱ्या बहुतेक जणी मला दादरच्या चाळीपासून ओळखतात, त्यामुळे माझे कोड, त्यापायी फिसकटलेली दोन स्थळे आणि भर मे महिन्यातले मनगटापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाऊज, हे सारे उगाळत बसत नाही.

"ही परदेशी थेरे" म्हणणाऱ्यांसाठी माझे उत्तर तयार असते. 1891 साली ठाण्याचे इंग्रज न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी नग्नवाद्यांचा एक संघ काढला होता आणि तो जमे आपल्या माथेरानला; सभासद मोजून तीन. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत याच मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, त्यातून नग्नतेचा उघड पुरस्कार केला, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले. हे सांगताना माझ्या आवाजाला जरा धार चढते. पण खरे बोलायचे तर कर्व्यांना अध्यात्माशी काही कर्तव्य नव्हते, आणि तुमचा प्रश्न अध्यात्माचा आहे.

मग मी बोरिवलीकडे वळते. तिथल्या त्रिमूर्ती मंदिरातल्या आदिनाथ, भरत आणि बाहुबलीच्या उंच दिगंबर मूर्तींपुढे आपण हात जोडतो; दगडात जे पवित्र, ते हाडामांसात ओंगळ कसे, असे मी विचारत असे. हल्ली विचारत नाही. ज्या परंपरेचा मी दाखला देत होते, ती स्त्रीला दिगंबर दीक्षा देत नाही आणि स्त्रीदेहातून मोक्षही मानत नाही, हे मला जैन शेजारणीने शांतपणे, भाजी निवडता निवडता सांगितले. माझा पुरावा माझ्याच कामाचा नव्हता.

तेव्हा जे घडले तेच सांगते. कर्जतच्या पुढे एका ओळखीच्यांचा बंगला आहे, त्याला पुरुषभर उंचीची भिंत आहे, आणि ती असावीच लागते, कारण सार्वजनिक जागी हे केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली तीन महिने आत जाण्याची सोय आहे. आम्ही अकरा जण होतो, त्यांत चार बायका. मोबाइल दाराशी एका पिशवीत टाकायचे, बसायला प्रत्येकाने आपापला टॉवेल आणायचा, कुणाच्या अंगाविषयी बरेवाईट काहीही बोलायचे नाही, आणि पहिला अर्धा तास डोळे मिटून बसायचे, एवढेच नियम. माझी ती दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला मी पोटाशी उशी धरून बसले होते. या वेळी उशी घेतली नाही, आणि डोळे उघडल्यावर सात पुरुषांसमोर आपण निवांत बसलो आहोत, हे लक्षात आल्यावर मला जवळजवळ हसू आले.

तेवढ्यात मागचे दार ढकलून राखणदाराची बायको भज्यांची परात घेऊन आत आली. तिला चार वाजता यायला सांगितले होते; पावसाची चिन्हे बघून ती साडेतीनलाच आली. मुक्तीच्या गोष्टी करणारे आम्ही सगळे टॉवेलांवर तुटून पडलो. कुणी कंबर झाकली, कुणी छाती. मी उभी राहिले, टॉवेल उचलला आणि डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, घट्ट गुंडाळला. बाकी सारे अंग उघडे. मी काय झाकले आहे हे मला कळायला काही क्षण लागले. तिला आधी कळले असावे, कारण तिची नजर माझ्या दुसऱ्या, उघड्या हाताच्या बोटांवर गेली. परात खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या भनीला बी हाय असंच. तुमी कुठल्या डाक्टरला दाखवलं?"

मी त्याच अवस्थेत उभ्या उभ्या तिला सांगितले, की हे लागट नसते, महारोगाशी याचा काही संबंध नाही, रंग देणाऱ्या पेशीच नाहीशा होतात, आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचेचा विभाग असतो. ती मान डोलवत निघून गेली. आम्ही एकमेकांच्या संमतीचे एवढे नियम केले होते, पण रोज भिंतीच्या आत वावरणाऱ्या या बाईला कुणी काही विचारले नव्हते. याचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

त्या रात्री मी वहीत लिहिले, "आज देहबुद्धी गळाली", म्हणजे देह म्हणजेच मी, ही समजूत गेली. ते वाक्य वाचले की आता कानशिले तापतात. देहबुद्धी कसली गळते? वस्त्र गेले, लाज सरकून मनगटावर जाऊन बसली. बाराव्या शतकातली कन्नड संत कवयित्री अक्कमहादेवी, तिची गोष्ट सांगतात, की वस्त्रत्याग करून ती कर्नाटकातल्या कल्याणला आली तेव्हा तिथले संत अल्लमप्रभूंनी तिला विचारले, सगळे टाकलेस तर केसांनी अंग का झाकतेस? तिच्याजवळ उत्तर होते. मला ते विचारायला कुणी अल्लमप्रभू नव्हता, आणि असता तरी मी बहुधा भज्यांचा विषय काढला असता.

तरीही तुमच्या प्रश्नाला "काहीच नाही" असे उत्तर मी देणार नाही. सव्वीस वर्षे मी न्हाणीघरातला दिवा न लावता आंघोळ केली आणि तोंडाने "मी देह नव्हे" म्हणत राहिले. ते वचन संतांचे असले तरी माझ्या तोंडी ती पळवाट होती. ज्याच्याकडे कधी धड पाहिले नाही, ते आपले नव्हे म्हणायला काय लागते? त्या पावसाळ्यानंतर मी दिवा लावते. कोड पाठीवर कुठवर पसरले आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी प्रथम कळले. त्याला अध्यात्म म्हणायचे की नाही, यावर माझे माझ्याशीच भांडण चालू आहे, आणि कधी कधी तुमची बाजू मला जास्त पटते.

डिसेंबरात भाच्याचे लग्न आहे. परवा ब्लाऊज शिवायला टाकला, तेव्हा शिंपीणबाईंनी टेप खांद्यावर धरून बाह्या कुठवर ठेवू म्हणून विचारले. मी बराच वेळ काही बोलले नाही. मग मनगटावर बोट ठेवले.