सावली सात मिनिटं उशिरा येते: बडोद्यात केलेला आमचा विज्ञानपट

विज्ञानपट करतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "इफेक्ट्सचं काय करणार?" आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि पैसेही नव्हते. सूर्य मात्र फुकट होता.

बडोदा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे इथे वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडातच गडप होते. शून्य सावली दिवस तो हाच. अहमदाबाद ओलांडून जरा उत्तरेला गेलात की हे कधीच घडत नाही. मला सुचलं ते एवढंच: त्या दिवशी एका माणसाची गेलेली सावली परत येते, पण सात मिनिटं उशिरा.

माणूस निघून जातो. सात मिनिटांनी त्याची सावली त्याच भिंतीवर त्याच हालचाली करते. दांडिया बाजारातला एक निवृत्त कारकून घराच्या वाटणीचं पत्र अगाशीतल्या, म्हणजे गच्चीतल्या, सुट्या विटेमागे लपवतो. जरा वेळाने बायको वाळलेले कपडे काढायला वर येते, तेव्हा भिंतीवर ते लपवणं चालू असतं. बावीस मिनिटांची फिल्म, खर्च चाळीस हजारांच्या आत, आणि त्यातला बराचसा चहा, नाश्ता आणि जेवणाचा.

लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला नियम ठरवण्यात. ट्यूबलाइटखाली काय होतं? (नाही, फक्त सूर्यप्रकाशात.) हातातल्या पत्राची सावली कोणाची, पत्राची की माणसाची? (हातात आहे तोवर माणसाची.) तो सायकलवर असला तर? यावर भांडण झालं आणि त्यातूनच आमचा सगळ्यात आवडता शॉट निघाला: रिकाम्या रस्त्यावरून सायकल चालवत जाणारी नुसती सावली. संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना सावली उंचीच्या साडेपाचपटीहून लांब पडते. सायकलवाला आणि चाकं फ्रेमच्या बाहेर ठेवली की काम झालं. संगणकाला हातही लावावा लागला नाही.

खरी गंमत मुख्य दृश्यात आहे. सूर्य आकाशात चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे सात मिनिटांत पावणेदोन अंश. एकाच भिंतीचे दोन शॉट वेगवेगळ्या वेळी घेऊन जोडले तर सावलीची दिशा जुळत नाही. सावल्यांच्या ट्रिक शॉटमधली ही कायमची डोकेदुखी. पण आमची सावली मुळातच सात मिनिटं जुनी! तिने जुन्याच सूर्याची दिशा दाखवायला हवी. म्हणून आधी कारकुनाची सावली चित्रित केली, घड्याळ लावून सात मिनिटं थांबलो, मग बायकोचा शॉट घेतला. निसर्गाने जे करायचं तेच आम्ही केलं. मला विचाराल तर विज्ञानपटाचं सगळं सुख या एका जागी आहे.

कारकून फ्रेमबाहेर उभा राहणार आणि सावली फ्रेममध्ये पडणार, हे सोपं वाटतं. पण सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहिलं तर सावलीची कड जवळजवळ दोन सेंटिमीटर पसरते, आणि पाच मीटरवर बोटंच विरघळून जातात. पत्र धरलेली बोटं दिसली नाहीत तर गोष्टच कळणार नाही. म्हणून फ्रेम आवळली आणि कारकून झालेल्या अण्णांना भिंतीपासून हातभर अंतरावर उभं केलं.

कॅमेरा म्हणजे मोबाइलच. ट्रायपॉडचे पाय विटांनी दाबून ठेवले, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक केला. हे ऑटोवर राहिलं तर दोन शॉटमधली भिंत दोन रंगांची दिसते. पुढचं डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत: सावलीचा भाग मास्क करून, म्हणजे तेवढाच कापून, बायकोच्या शॉटवर बसवला. अट एकच, बायकोने किंवा तिच्या सावलीने त्या भागात शिरायचं नाही. म्हणून जमिनीवर खडूने रेघ मारली.

"अगं, मी रेघेपलीकडे गेले तर काय होईल?" बायकोचं काम करणाऱ्या काकूंनी विचारलं.

"तुमचा हात कापला जाईल, काकू."

काकूंनी आयुष्यभर मराठी नाटकं केलेली. त्यानंतर शूटिंग संपेपर्यंत त्या रेघेच्या जवळही फिरकल्या नाहीत.

शून्य सावलीचा शॉट जूनमध्येच घ्यावा लागणार होता, कारण जुलैच्या ढगांवर भरवसा नाही. लोक बारा वाजता घड्याळ बघतात, पण आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ८२.५ अंश रेखांशाचं आणि बडोदा आहे त्याच्या पश्चिमेला, ७३ च्या आसपास, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह साडेबारा उलटून गेल्यावर होते. अगाशीत स्टीलचा पेला ठेवून आम्ही तापलेल्या फरशीवर वाट पाहिली. बाकीचं शूटिंग हिवाळ्यातलं, आकाश स्वच्छ म्हणून. डिसेंबरात दुपारचा सूर्य इथे जेमतेम ४४ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे जूनची सावली आणि डिसेंबरची सावली एकाच आठवड्यातली म्हणून खपवता येणार नव्हती. मग कथाच सहा महिन्यांची केली. ती त्यामुळे सुधारली: माणसाला आपल्या सावलीची सवय होते, तो निष्काळजी होतो आणि तेव्हाच पत्र येतं.

आवाजाबद्दल थोडक्यात: उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी पोळात (जुन्या शहरातल्या दाट गल्लीत) संवाद रेकॉर्ड करायला जाऊ नका. प्रत्येक अगाशीवर स्पीकर असतो. आम्ही सगळं नंतर डब केलं.

कोणी "हे तर जुनंच तंत्र" म्हणालं की मी मान डोलावते. जुनं आहेच. इथल्याच कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये मटाराचं रोप वाढताना थोडं थोडं चित्रित करून सलग दाखवलं होतं, तेही भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून.

पहिला खेळ त्याच अगाशीवर, चादरीवर झाला. शेजारच्या मावशींना सायकल आवडली. त्यांच्या सातवीतल्या नातवाने मात्र विचारलं, "चांदणं म्हणजे सूर्याचाच प्रकाश ना? मग रात्री सावली का नाही येत?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. पूर्ण चंद्राचं चांदणं उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकं असतं, ते मोबाइलला झेपणार नाही. पण चंद्राची तबकडीही अर्ध्याच अंशाची, म्हणजे सावलीची कड तशीच येईल. एका मित्राचा कॅमेरा मागून ठेवलाय. कोजागिरीला तो शॉट घेऊन फिल्ममध्ये घालायचा आहे.