फरकाचा महिना

पगाराच्या टेबलावर मला यंदा तेवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, पगारपत्रक करणाऱ्या बाईला कोणाला किती मिळतं ते माहीत असतं. ते तर पहिल्या वर्षातच पाठ होतं. माणूस कळत जातो तो कपातीच्या रकान्यांतून. कोणाचा हप्ता कधी सुरू झाला, कधी संपला, तो संपताच दुसरा कोणता लागला, स्वतःहून जास्त कापून घ्यायला कोणी सांगितलं, आणि महिन्याच्या अठरा तारखेला उचल मागायला कोण येतं. हे सगळं माझ्या हाताखालून जातं. मी त्यातलं कधी कोणाला काही सांगितलेलं नाही आणि इथेही कोणाची ओळख पटेल असं लिहिणार नाही. पण या रकान्यांनी मला पैशाबद्दल जे शिकवलं, ते बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

एकाच दिवशी रुजू झालेली, एकाच श्रेणीतली दोन माणसं घ्या. वीस वर्षांनी एकाच्या डोक्यावर चार हप्ते असतात आणि दुसऱ्याचं घर स्वतःच्या नावावर होऊन मुलं शिकून बाहेर पडलेली असतात. सुरुवातीला मी धरून चालले होते की दुसऱ्याला सासरकडून काही मिळालं असेल, बायको कमावत असेल, किंवा जमिनीचा तुकडा विकला असेल. काही ठिकाणी तसं असतंही. पण तसं काहीच नसतानाही ज्यांचं बरं चाललंय, अशी माणसं मी या टेबलावरून पाहिली, आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसली. पगार वाढला, त्या महिन्यात त्यांच्या घरात काहीच बदललं नाही.

हे मला कळलं ते फरक मिळाला त्या वर्षी. वेतनवाढ मागच्या तारखेपासून लागू झाली आणि दीड वर्षाचा फरक एकरकमी जमा होणार असं ठरलं. तीन महिने माझ्या टेबलाशी रांग होती. “ताई, नक्की कधी? ताई, हातात किती पडतील?” विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो पैसा मनातल्या मनात खर्चून टाकला होता, काहींनी तर दुकानात आगाऊ रक्कम भरून ठेवली होती. स्टोअरमधले काका तेवढे एकदाही आले नाहीत. ते आले आदेश निघाला त्या दिवशी, हातात कपात वाढवण्याचा अर्ज घेऊन. नव्या वाढीतला निम्मा भाग दर महिन्याला परस्पर बचतीत वळवायचा होता आणि फरकाच्या रकमेतून घराच्या कर्जाचं मुद्दल फेडायचं होतं.

मी म्हटलं, “काका, एक-दोन महिने हातात तर येऊ द्या.”

ते म्हणाले, “घरी पोचला ना ताई, की त्याला नावं फुटतात. हा सोफ्याचा, हा फोनचा, हा मेव्हण्याचा. मग कोणाला नाही म्हणायचं? इथूनच वळवा.”

‘नावं फुटतात’ हे शब्द माझ्या डोक्यात बसले. पैसा हातात आला की त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या गोष्टी उगवतात, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट खरीच वाटते. काकांना स्वतःच्या मनाच्या जोरावर फारसा भरवसा नव्हता. दर महिन्याला मोहाशी झुंजायचं आणि जिंकायचं, असला हिशेब त्यांनी मांडलाच नाही. एकदा अर्ज भरला, पुढे झुंजायची वेळच येऊ दिली नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की अर्थशास्त्रात यावर रीतसर काम झालेलं आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत नोकरदारांना विचारलं होतं, आत्ता एक पैसाही जास्त कापू नका, पण पुढची पगारवाढ होईल तेव्हा आपोआप थोडी कपात वाढू द्याल का? ज्यांना विचारलं त्यांतले ७८ टक्के हो म्हणाले. चाळीस महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हा निबंध २००४ सालचा. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते वाचताना मला काकांचा निळ्या शाईतला अर्ज आठवत होता. हातातलं काढून घेतलं तर दुखतं, हातात आलंच नाही तर दुखत नाही. एवढी साधी गोष्ट आहे, आणि तेवढ्यावर माणसाची वीस वर्षं इकडची तिकडे होतात.

आता माझं सांगते. ज्या वर्षी काकांनी तो अर्ज दिला, त्या वर्षी माझ्या डोक्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी होती. रोज दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवणारी मी, स्वतःच्या बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून निवांत होत होते. ती पाच टक्के असायची आणि व्याज महिन्याला तीन टक्के. व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या लुका पाचोली यांच्या गणिताच्या ग्रंथात ७२ चा नियम येतो: व्याजदराने ७२ ला भागा, रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते कळतं. बहात्तर भागिले तीन, चोवीस. म्हणजे काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट. मी भरत होते, पण नुसतं किमान. एका रात्री मी गणित मांडलं. नवीन काहीही न घेता, दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिले तर थकबाकी निम्मी व्हायलाच बत्तीस महिने लागणार होते. निम्मी. मी कागद उलटा ठेवला आणि कितीतरी वेळ दिवा न मालवता बसून राहिले. घरात कोणाला ठाऊक नव्हतं. ते लपवणंच सगळ्यात जड होतं, आणि आज मी अगदी ठासून सांगेन की कर्ज वाढतं ते व्याजाइतकंच लपवण्यानेही वाढतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. त्यानंतरच्या आठवड्यात काकांकडे गेले आणि सरळ विचारलं, “तुम्ही कसं करता?”

त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. लांबट, पुठ्ठ्याची, कोपरे मऊ झालेली. मला वाटलं होतं रोजचा खर्च लिहिलेला असेल. तो होता, पण मागच्या बाजूला आणि अगदी मोघम. पुढच्या पानावर ठळक अक्षरात शीर्षक होतं, ‘येऊ घातलेले’. खाली रांगेने नावं: विम्याचा वार्षिक हप्ता, मुलीची परीक्षा फी, चष्मा, स्कूटरचे टायर, छताची डागडुजी, बहिणीच्या घरचं कार्य. प्रत्येक नावासमोर तीन रकाने. अंदाजे किती लागतील, किती महिने उरलेत, आणि भागाकार करून दर महिन्याला किती. सगळे आकडे पेन्सिलीने. एकाच जागी पुन्हा पुन्हा खोडून कागद लोकरीसारखा झाला होता, कारण दर महिन्याला ‘उरलेले महिने’ एकाने कमी होत जायचे. एखादा खर्च होऊन गेला की त्या ओळीवर पट्टीने सरळ रेघ आणि कडेला तारीख.

मी टायरच्या ओळीवर बोट ठेवलं. “टायर बदलायला तर अजून वर्ष आहे म्हणालात.”

“टायर झिजतोय ना रोज? मग पैसेही रोजच लागतायत. दुकानदार मागेल पुढच्या वर्षी, एवढंच.”

तोवर माझ्या भाषेत ‘अचानक खर्च’ हा शब्द फार सैल वापरला जायचा. विम्याचा हप्ता अचानक. शाळेची फी अचानक. ज्याची तारीखसुद्धा ठाऊक आहे तो खर्च अचानक कसा? त्या दिवशी घरी जाऊन मागच्या दोन वर्षांची कार्डाची बिलं काढली. ज्याला खरोखर अचानक म्हणावं असं त्यात एकच होतं, दवाखान्याचं. बाकी सगळं पंचांगासारखं आधीच ठरलेलं होतं आणि मी दर वेळी कार्डाकडे धावत होते. माझं कार्ड संकटामुळे भरलंच नव्हतं. ते भरलं होतं कॅलेंडरमुळे.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी हिशेबाची वही काढली, आणि तशा वह्या तिथे आजही वापरल्या जातात. घरखर्च हातानेच का लिहावा यावर लोक बरंच बोलतात. माझं मत असं की वही असो नाहीतर मोबाइल, फरक पडत नाही. झालेला खर्च लिहून फक्त पश्चात्ताप होतो. होणारा खर्च लिहिला तरच काही हातात राहतं.

थकबाकी फिटायला मला चौदा महिने लागले. त्यातले पहिले चार फार कठीण गेले, पुढचे सोपे.

गुंतवणुकीबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि त्यावर माझ्याकडे सगळ्यात कमी सांगण्यासारखं आहे. ज्यांचं बरं चाललेलं मी पाहिलं त्यांच्या गुंतवणुका कंटाळवाण्या होत्या. दर महिन्याला ठरावीक रक्कम, खर्च कमी असलेल्या ठिकाणी, आणि मध्ये हात लावायचा नाही. एक गणित मात्र सांगते, कारण ते मलाही उशिरा कळलं. वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणारी रक्कम तीस वर्षांत दहापट होते, ७ टक्क्यांनी साडेसात पट. म्हणजे ‘फक्त एक टक्का’ शुल्क म्हणून कोणी घेत असेल, तर शेवटी जमणाऱ्या पैशातला जवळजवळ चौथा भाग तो घेऊन जातो. सही करण्याआधी शुल्क विचारा. विचारायला लाजू नका.

लाजेचा विषय निघालाच आहे तर जामिनाचं सांगायला हवं. माझ्याकडे ज्यांच्या पगारातून दुसऱ्याच्या कर्जाची वसुली झाली अशी माणसं थोडीथोडकी नाहीत, आणि ती सगळी भली माणसं होती. नाही म्हणता आलं नाही म्हणून सही केली. काकांकडेही लोक यायचे. त्यांचं ठरलेलं होतं, जामीन राहायचं नाही. त्याऐवजी जेवढे परत आले नाहीत तरी चालेल तेवढे पैसे द्यायचे, आणि दिले त्याच दिवशी वहीत रेघ मारायची. त्यामुळे त्यांच्याकडून पैसे नेलेला माणूस समोरून येताना दिसला तर त्यांनी कधी वाट बदलली नाही, आणि त्यानेही नाही. मला हा पैशाचाच नव्हे, नात्याचाही हिशेब वाटतो. ‘मला जमणार नाही’ हे वाक्य ते इतक्या सहज आणि मायेने म्हणायचे की समोरच्याला लागायचं नाही. हे जमायला मला फार वर्षं लागली.

मागच्या वर्षी मी ओसिओला मॅकार्टी यांच्याबद्दल वाचलं. १९०८ साली जन्म, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात. सहावीत शाळा सुटली, कारण आजारी मावशीला सांभाळायचं होतं. मग आयुष्यभर लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केले. त्यातले थोडे थोडे बँकेत टाकत गेल्या आणि काढले नाहीत. म्हातारपणी बँकेतल्या अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर दहा नाणी मांडली आणि म्हटलं, एक नाणं म्हणजे तुमच्या पैशाचा दहावा भाग, कुठे कुठे द्यायचे ते ठरवा. त्यांनी एक चर्चसाठी ठेवलं, तीन नातेवाइकांसाठी, आणि सहा नाणी विद्यापीठाकडे सरकवली. १९९५ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी दीड लाख डॉलर देत असल्याचं जाहीर केलं.

ती दहा नाणी वाचून मला रडू आलं. पण त्यांच्या आयुष्याला नुसतं ‘काटकसर’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्या कष्टामागे परवड होती, सुटलेली शाळा होती. जे टाळता आलं असतं तर बरं झालं असतं, त्याचा आदर्श करू नये. हे मी माझ्या टेबलावरूनही सांगते. ज्याच्या एकट्याच्या पगारावर सात माणसं आहेत, ज्याच्या घरात मोठं आजारपण आहे, त्याला बचतीचे धडे देणं हा त्याचा अपमान आहे. अठरा तारखेला उचल मागायला येणाऱ्यांतले कित्येक असे असतात. त्यांना वही नको आहे, पगार जास्त हवा आहे. मी त्यांचा अर्ज सगळ्यात वर ठेवते. वर लिहिलेलं सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांना थोडं तरी उरू शकतं आणि तरी उरत नाही. मी त्यांच्यातली होते.

काका निवृत्त झाले तेव्हा ना-हरकत दाखल्यासाठी मी त्यांचा खातेउतारा काढला. येणे बाकीच्या रकान्यात शून्य होतं. मी तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला, म्हणाले, “बरोबर आहे,” आणि घडी घालून खिशात ठेवला.

माझी वही आता चौथी चालू आहे. परवा मंगळवारी कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, यात आता अर्थ नाही. ‘येऊ घातलेले’च्या पानावर ती ओळ सव्वीस महिने होती. लागणार होते त्याच्या थोडे वरच पैसे जमले होते. संध्याकाळी नवऱ्याबरोबर जाऊन नवीन घेतलं, घरी येऊन त्या ओळीवर पट्टीने रेघ मारली, कडेला तारीख टाकली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि खालच्या रिकाम्या ओळीवर पुन्हा लिहिलं: कपडे धुण्याचं मशीन, महिने १२०.