समासातलं 'मी पण'

"पुस्तकात खरडलंय, दहा रुपये दंड," वाचनालयाच्या काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या आणि खोडरबर घेऊन बसल्या.

भाचीसाठी नेलेली किशोर कादंबरी. भाऊ गेला तो आपल्यामुळेच, असं मनात धरून बसलेल्या १५ वर्षांच्या पोराची. नेमकी त्याच वाक्याखाली पेन्सिलीची रेघ, आणि समासात बारीक अक्षरात, 'मी पण'. इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उठलं होतं.

"आमचं नाही हो, आधीपासून असेल," मी म्हणालो. मला काय माहीत? पुस्तक परत करण्याआधी मी उघडलंही नव्हतं.

घरी आमचं एकच पालुपद: हल्ली फार चिडचिड करते, मोबाईल काढून घ्या. या वयात नैराश्य बऱ्याचदा चिडचिडीतूनच बाहेर येतं, विनाकारण अपराधी वाटणं हेही त्याचं लक्षण, हे मी वाचलेलं आहे. वाचलेलंच फक्त.

मावशींनी खोडलं. शिसं गेलं, खळगा तसाच.

गंगापूर रोडच्या सिग्नलला टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर सेव्ह केला. फुकट आहे, चोवीस तास चालतो.

पण त्याआधी मामानं भाचीला विचारायचं तरी कसं, 'ते अक्षर तुझं का गं?'