तुम्ही विचारलंत म्हणून: अजून टेम्पररीच का?

प्रश्न नेहमीचाच आहे. लग्नात आत्या विचारते, बँकेत केवायसी करताना क्लार्क विचारतो, परवा कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवर, बसची वाट बघत उभी होते तर अकरावी-बारावीची मैत्रीण भेटली, तिनं पण तेच, "अगं तू अजून टेम्पररीच व्हय? मग सोडत का नाहीस?" दरवेळी मी "बघू की" म्हणते आणि विषय तिच्या पोरांवर नेते. आज एकदाचं सांगून टाकते.

मी सायकॉलॉजी शिकवते, सीएचबीवर. सरकारी भाषेत तासिका तत्त्वावर. (नाही, मला तुमच्या मनातलं ओळखता येत नाही, तो दुसरा नेहमीचा प्रश्न.) जेवढे तास घ्याल तेवढे पैसे, आणि नेमणूक त्या वर्षापुरती. एम.ए. झालंय, सेट झालंय, पीएचडी पण झालीय, म्हणजे पर्मनंट माणसाला लागतं ते सगळं आहे, फक्त पोस्ट नाही. पर्मनंट असिस्टंट प्रोफेसरचं नुसतं बेसिकच ५७,७०० पासून सुरू होतं. यूजीसीनं २०१९ मध्ये गेस्ट लेक्चररला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं लिहून ठेवलंय, पण माझ्या पासबुकनं असला महिना अजून बघितलेला नाही. एका कॉलेजात आठवड्याला नऊच तास मिळतात म्हणून दुसरं विनाअनुदानित धरलंय, एक शहरात, दुसरं गडहिंग्लजच्या वाटेवर. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, माझ्या करिअरमधली आजवरची सगळ्यात मोठी पगारवाढ तीच.

आणि तास झाला नाही तर पैसे नाहीत. दिवाळीची सुट्टी, परीक्षेला वर्ग गेले, गॅदरिंग, कुणाची तरी शोकसभा, गेला तास. २०१९ च्या ऑगस्टला पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, हायवे बंद पडला, गावात दूध-पेट्रोल मिळेना, लोक एकमेकांना फोन करून तुमच्याकडं पाणी आलं का विचारत होते, आणि मी कॅलेंडर समोर घेऊन बुडालेले तास मोजत बसले होते. लाज वाटते सांगायला, पण मोजले. एप्रिल संपला की नेमणूक संपते, मे-जून आपले आपण, आणि केलेल्या कामाचे पैसे कधी कधी सहा महिन्यांनी एकदम येतात. तेव्हा दोन दिवस मी श्रीमंत असते.

तर मग सोडत का नाही? बरीच वर्षं माझं उत्तर तयार होतं, "मला शिकवायला आवडतं." लोक गप्प बसायचे, मलापण बरं वाटायचं. हे उत्तर माझ्याच वर्गात फुटलं.

टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, सोशल सायकॉलॉजीत फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग असतो. स्टॅनफर्डच्या पोरांना तासभर रटाळ काम दिलं, ट्रेमध्ये रिळं भरा, काढा, परत भरा, मग पाटावरच्या खुंट्या थोड्या थोड्या फिरवत बसा. नंतर काहींना एक डॉलर आणि काहींना वीस डॉलर देऊन सांगितलं, बाहेर जो पुढचा थांबलाय त्याला सांगा की काम मजेशीर होतं. शेवटी खरं खरं विचारलं, काम कसं वाटलं? वीसवाल्यांनी सांगितलं, बोअर होतं. एक डॉलरवाल्यांनी सांगितलं, तसं बरं होतं. कारण वीसवाल्याकडं खोटं बोलायचं कारण खिशात असतं, पैशासाठी बोललो, विषय संपला. एक डॉलरवाल्याकडं तेवढं कारण नाही, मग तो स्वतःचं मतच बदलून घेतो. बोललेलं आणि मनातलं जुळेना की होणाऱ्या ह्या ओढाताणीलाच कॉग्निटिव्ह डिसोनन्स म्हणतात.

हे सगळं फळ्यावर लिहून वळले तर शेवटच्या बाकावरचा, तालमीत जाणारा, कान मोडलेला, वर्षभरात एक शब्द न बोललेला पोरगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे तुमी एक डॉलरवाल्या का?"

वर्ग असला हसला की शेजारचे सर डोकावून गेले. मी पण हसले. पण त्या दिवशी एसटीत खिडकीला बसून तेच डोक्यात फिरत राहिलं, की मला खरंच आवडतं की पगार इतका कमी आहे की आवडून घेण्याशिवाय इलाजच नाही? आणि हे मी स्वतःला विचारून कळणार कसं, प्रयोगातल्या त्या पोरांना पण वाटतच होतं की काम बरं होतं. तेव्हापासून "आवडतं" म्हणायचं मी बंद केलं.

त्याऐवजी एक प्रसंग सांगते, तुमचं तुम्ही ठरवा. मला केबिन नाही, स्टाफरूमला खुर्च्या कमी, म्हणून मी प्रॅक्टिकलच्या खोलीत बसते. एकदा मिरर ड्रॉइंगचं प्रॅक्टिकल होतं, आरशात बघत चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची असते, हात उलटा जातो, सगळ्यांचाच जातो. एक मुलगी मध्येच थांबली आणि रडायला लागली. पोरं गेल्यावर म्हणाली, मॅडम, मी दोन महिने झाले झोपलो नाही. (आमच्याकडं मुली पण "मी जातो, मी येतो" म्हणतात, बाहेरच्यांना मजा वाटते.) मग बसलो. पाऊण तास बसलो, पुढच्या आठवड्यात परत. मी शिकवणारी, क्लिनिकलवाली नाही, त्याला आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन लागतं, त्यामुळं उपचार मी करत नाही आणि करायचेही नसतात, ऐकायचं आणि योग्य ठिकाणी पोचवायचं. तिला १४४१६ नंबर दिला, टेलिमानसचा, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, फुकट आहे, तुम्हीपण सेव्ह करून ठेवा. मग एका सकाळी तिच्याबरोबर सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीला गेले. त्या दिवशीचे दोन तास बुडाले.

ती हळूहळू सावरायला लागली आणि एप्रिल आला. पुढच्या वर्षी त्या कॉलेजात वर्कलोड कमी झाला, माझी नेमणूक झाली नाही. गणिताच्या मास्तरचं असं होत नाही, नवा आला तरी पायथागोरस तोच असतो. इथं त्या पोरीनं सगळं एका माणसाला सांगितलं होतं, आणि वेळापत्रकातून तो माणूसच गायब. ती फोन करत राहिली, मी उचलत राहिले, ते कुठल्या तासिकेत धरायचं माहीत नाही. टेम्पररी म्हणजे पगार कमी, एवढंच लोकांना माहीत असतं. ह्या विषयात टेम्पररी असणं म्हणजे दुसऱ्याचं अर्धं ऐकून उठणं, हे मला तिच्यामुळं कळलं.

म्हणून जुलैत जाहिरात आली की मी परत फाईल काढते, झेरॉक्सचे तेच सेट, तीच ओळखीची मुलाखत. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातली कबुतरं पण अशीच, दाणा कधी पडेल नक्की नसायचं ती दाणा बंद झाला तरी टोच मारायचं लवकर सोडत नाहीत, दरवेळी हमखास दाणा मिळालेली आधी कंटाळतात. तेपण असेल. चाळिशी जवळ आलीय आणि दुसरं काही येत नाही, तेपण आहे, खोटं कशाला बोला.

तो तालमीतला पोरगा परवा सीबीएससमोर चहाच्या गाड्यावर भेटला. आता गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे, युनिफॉर्मवर होता. विचारलं, "काय मॅडम, अजून तितंच?" म्हटलं, होय बाबा. पर्स उघडली तर हात आडवा घातला, "ऱ्हाऊ दे ओ, एक डॉलरात काय भागणाराय तुमचं," आणि गाडेवाल्याला सांगितलं, मॅडमचे माझ्यात धर.