एक नाही, जोडी मागायची!

परवा मामेबहिणीचा फोन. डिसेंबरात मॉरिशसला येतायत, चार रात्री पाच दिवस, पॅकेज बुक पण झालं, जेवणखाण सगळं रिसॉर्टच्या आतच. "बाहेर काय असतं गं ताई, बीचच ना?" डोकंच फिरलं माझं. म्हणून हे.

बीच आहेत, मस्त आहेत. ले मोर्नचा डोंगर, शामारेलची सात रंगांची माती वगैरे तुमचा टूरवाला दाखवेलच. मी सांगतेय ते राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटजवळ, जेवायच्या वेळेला लागणाऱ्या रांगेबद्दल. काचेची पेटी, आत दालपुरीची चळत. इथे म्हणतात धोल पुरी. "एन पेर" म्हणायचं, म्हणजे एक जोडी. एकच मागणारा अजून मला तरी दिसला नाही. पुरी नाव असलं तरी तळलेली नाही हां, तव्यावर भाजलेली, आत हळद-जिरं घातलेली कोरडी वाटलेली डाळ, थोडक्यात गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी. तिच्यावर मोठ्या वालाची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय (दाट मसालेदार रस्सा), लोणचं, मिरचीची चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. उभ्यानेच खायचं, रस कोपरापर्यंत ओघळतो, ओघळू दे.

पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "हे मूळचं आमच्याकडचं." मागे एक चिनी वंशाच्या आजी उभ्या होत्या, म्हणाल्या, "नाही, हे आमचं." आणि आपली जोडी घेऊन चालायला लागल्या! राग आला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं माझं तरी कुठे आहे, ही आली बिहारकडच्या गिरमिटियांबरोबर, 1834 पासून उसाच्या मळ्यांवर आणलेली माणसं ती, आणि मी पुण्याची, दालपुरी इथे येईपर्यंत बघितलीसुद्धा नव्हती.

त्या मजुरांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते. त्यांचे पणतू-खापरपणतू अजून गणपती बसवतात, त्या सणाला देशभर सरकारी सुट्टी (महाशिवरात्र, तमिळांची कावडी, ईद, चिनी नववर्ष, नाताळ यांनाही), कोकणातली जाखडी इथे झाकरी म्हणून नाचतात. त्यांचं मराठी ऐकून मी पूर्वी गालात हसायचे. हल्ली माझाच मुलगा घरी इथल्या क्रिओल भाषेत भांडतो, आता हसत नाही. पण मी त्याला शुद्धलेखन घालतेच हं, रविवारी, जमेल तसं.

कटकट एकच, संध्याकाळी ऑफिसं सुटली की पोर्ट लुईत शुकशुकाट, नंतर बसची वाट बघत बसा. लक्ष्मी रोडची सवय असलेल्या माणसाने करायचं काय? नवरा म्हणतो, लोक घरी जाऊन पोराबाळांबरोबर जेवतात, त्यात वाईट काय. असेल.

तर बाई, एक दिवस रिसॉर्टमधून बाहेर पड. आधी आप्रवासी घाट बघ, त्या मजुरांना जिथे उतरवलं त्या पायऱ्या अजून आहेत, मार्केटपासून चालत जाता येतं. डिसेंबरात घामाच्या धारा लागतात, छत्री-टोपी घे. आणि रांगेत बाराच्या आत लाग, उशीर केलास तर पेटी रिकामी दिसेल.